अनकाई-टनकाई : दहावीच्या वर्षातली एक भटकंती



'माझी अविस्मरणीय सहल' हा निबंध आपण दरवर्षी तपासतो. सगळ्या वह्यांत सूर्य सोन्याची किरणं उधळतो, बसमध्ये भेंड्या रंगतात आणि शेवटी सगळे जड अंतःकरणाने घरी परततात. यात मुलांचा दोष नाही. नीट पाहिलेलंच काही नसेल तर ती लिहिणार काय?

यंदा आमच्याकडे कोपरगावात प्रथम सत्र परीक्षा आणि परतीचा पाऊस एकदमच आले. सोयाबीन शेतातच भिजलं, कांद्याची रोपं सडली. दहावीची पोरं डबा खाताना एरवी केवढा कालवा करतात, पण तीही गप्प झाली होती. अशा वेळी अनकाईला जायचं म्हटल्यावर एका पालकांनी विचारलं, "सर, आता हिंडायचे दिवस आहेत का?" प्रश्न रास्तच होता. म्हणून शाळेची सहल न काढता परीक्षा संपल्यावरचा रविवार धरला. एकमेकांचे दोस्त असलेली सात मुलं, तीन पालक आणि आम्ही दोघे शिक्षक. भाकरी-चटणी घरची, खर्च फक्त प्रवासाचा.

कोपरगावहून येवला ओलांडून मनमाडकडे निघालं की अनकाई आणि टनकाई हे जोडकिल्ले दिसायला लागतात. दोन डोंगर, मध्ये खिंड आणि दोघांना जोडणारी तटबंदी. शरदात पाऊस थांबलेला असतो, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. फक्त ऊन चढायच्या आत वर पोहोचायला हवं.

चढताना आधी जैन लेणी लागतात. घाई करून पुढे पळू नका, इथे निदान अर्धा तास थांबाच. छतावर कोरलेलं कमळ आहे, अंबिकेची मूर्ती आहे, काही मूर्ती पार झिजलेल्या. मुलांना मोबाइल खिशात ठेवायला लावून प्रत्येकाला एकच वस्तू दहा मिनिटं बघायला सांगितली. "झिजलेली मूर्ती आहे" एवढंच कुणी म्हणालं की विचारायचं, कुठे झिजली? नाक, हात, की पाऊल? वर्णन लिहायला शिकवण्याचा याहून सोपा उपाय मला अजून सापडलेला नाही.

पुढे खडकातल्या अरुंद पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. माथ्यावर पाण्याची टाकी, तलाव, अगस्ती ऋषींचं स्थान आणि पडक्या वाड्याच्या भिंती. पश्चिमेला हडबीची शेंडी अंगठ्यासारखी उभी. (माकडं फार आहेत. डबे पिशवीतच ठेवा!)

वाड्याच्या सावलीत जेवताना इतिहास सांगितला. 1635 मध्ये किल्ला शाहजहानच्या फौजेने घेतला. 1818 मध्ये, पेशवाईच्या अखेरीस, इंग्रज आले आणि किल्ला न लढता त्यांच्या ताब्यात गेला. "एवढ्या पायऱ्या, एवढे दरवाजे, मग लढले का नाहीत?" एका मुलीने विचारलं. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग महिनाभर वर्गात तोंड न उघडलेला एक मुलगा म्हणाला, "पगार थकले असतील. घरी देणं असलं की माणूस कशाला लढंल?" त्याचे वडील शेजारीच बसले होते. त्यांनी भाकरी खाली ठेवली. "देणं आहे रे, पण तू शाळा सोडायचं डोक्यातून काढ," ते म्हणाले. तो शाळा सोडायचा विचार करतोय, हे आम्हा शिक्षकांना तेव्हा कळलं. देणं काही त्या दिवशी फिटलं नाही. पण उतरताना बापलेक बरोबर चालत होते, आणि दिवाळीनंतरच्या शिकवणीचं आम्ही तिथेच ठरवलं.

निबंध दुसऱ्या दिवशी लिहायला दिला. अट दोनच: सुरुवात सूर्योदयाने करायची नाही, आणि शेवटी तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहायचा. आलेल्या प्रश्नांपैकी हे तीन: किल्ल्यावरच्या शिबंदीला पगार कोण देत होतं? एवढ्या उंचीवर टाक्यात पाणी कसं टिकतं? झिजलेली मूर्ती दुरुस्त करावी की तशीच ठेवावी?

पहिल्या प्रश्नावर पुढचा इतिहासाचा तास घेतला. दुसरा भूगोलाच्या बाईंकडे दिलाय. तिसऱ्यावर वर्गात दोन तट पडलेत आणि अजून वाद चालू आहे.