आधी आवाज सारखा करा

दोन ॲम्प्लिफायर एकामागोमाग ऐकवले, की त्यातला जो जरासा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. तो मोठा वाजतोय असं मात्र वाटत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. गाणं मोकळं वाटतं, खर्ज भरीव लागतो, तबल्याची थाप जवळ येते. एखाद्या डेसिबलचा फरक कान आवाजाचा फरक म्हणून ओळखत नाही, दर्जाचा फरक म्हणून स्वीकारतो. हेडफोन आणि घरच्या स्पीकरच्या या छंदात माझ्या डोळ्यांदेखत जितका पैसा वाया गेला, त्यातला निम्मा तरी या एका गोष्टीपायी गेला असेल.

याला कारण आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं, की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढवत नेला की ते भरून निघतात. म्हणजे उपकरण तेच, रेकॉर्डिंग तेच. फक्त बटण थोडं पुढे सरकलं की बेस वाढल्याचा भास होतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत दुकानं धुंडाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. एका दुकानात मला दोन ॲम्प्लिफायर ऐकवले होते, दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून जास्त. दुसरा खरोखर सुरेख वाटला. मी विक्रेत्याला म्हटलं, "दादा, दोघांचा आवाज एकदा सारखा करू या." फोनवर आवाज मोजायचं ॲप होतंच. एकसारखी सरसर (नॉइज) वाजवली, फोन खुर्चीच्या पाठीवर एकाच जागी ठेवला आणि दोन्हींचा आकडा जुळवला. मग पुन्हा तेच गाणं लावलं. आता मला फरक सांगता येईना. त्या विक्रेत्यालाही येईना, आणि तो माणूस सरळ होता, त्याने तसं कबूलही केलं. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. महागड्या यंत्राचं बटण त्याच जागेवर असूनही ते थोडं मोठं वाजत होतं, इतकंच.

तेव्हापासून आम्हा काही मित्रांची रविवारची बैठक याच पद्धतीने चालते. फोनचं ॲप अचूक डेसिबल दाखवत नाही, पण त्याची गरजही नाही. तोच फोन, तीच जागा आणि तीच सरसर असली की दोन आकड्यांची तुलना पक्की होते. यंत्रांवर चादर टाकायची, तारा बदलायचं काम एकाने करायचं, आणि ऐकणाऱ्यांनी एकमेकांशी न बोलता कागदावर लिहायचं. चादर हा हट्ट नाही. शॉन ऑलिव्ह आणि फ्लॉइड टूल यांनी १९९४ साली हाच प्रयोग स्पीकरवर केला. समोर स्पीकर दिसत असताना लोकांनी दिलेले गुण आणि पडद्याआडून ऐकताना दिलेले गुण जुळले नाहीत. स्पीकर ऐकण्यात मुरलेले लोकही याला अपवाद नव्हते. डोळ्यांनी पाहिलेलं कान विसरू शकत नाही.

आमच्या बैठकीत जे वारंवार दिसलं ते असं. स्पीकर बदलला की चादरीआडूनही सगळ्यांना लगेच कळतं. हेडफोन बदलला की कळतं. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला तरी कळतं. ॲम्प्लिफायर आपल्या ताकदीच्या आत वाजत असेल, तर तो बदललेला कळत नाही. डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा संकेत करणारं यंत्र, बदललेला कळत नाही. वायर बदललेली तर कधीच कळली नाही. पैसे कोणत्या क्रमाने घालायचे हे यातून आपोआप ठरतं, आणि बाजार जो क्रम सांगतो तो बहुतेक वेळा नेमका याच्या उलट असतो.

वायरचंच घ्या. घराच्या वायरिंगला वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तीन मीटर अंतरावरच्या स्पीकरला लावली, तर जाऊन-येऊन सहा मीटरचा रोध ओहमच्या विसाव्या भागाहूनही कमी भरतो. स्पीकर आठ ओहमचा. इतक्या फरकाने कानाला काही कळायचं कारण नाही. विजेच्या सामानाच्या दुकानातून तार मोजून घ्या, टोकं नीट सोला आणि घट्ट बसवा.

ॲम्प्लिफायरच्या वॅटचं गणितही असंच उलगडून पाहावं. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला दहापट ताकद लागते. त्यामुळे पन्नास वॅटचा सोडून साठ वॅटचा घेण्यात काहीच पदरात पडत नाही. उलट ८५ ऐवजी ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर निवडला, तर ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केल्याइतका लाभ मिळतो. तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो हे सांगणारा हा आकडा स्पीकरच्या कागदावर छापलेला असतो, तो आवर्जून पाहा.

हेडफोनला वेगळा ॲम्प कधी लागतो? सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून चालत आलेला हेडफोन ३०० ओहमचा आहे. तो फोनवर वाजतो, पण हळू रेकॉर्ड झालेला विलंबित ख्याल ऐकताना आवाज अपुरा पडू शकतो. तिथे ॲम्प घ्या. १६ किंवा ३२ ओहमचे कानात घालायचे इअरफोन मात्र फोनला जोडायच्या हजार रुपयांच्या आसपासच्या साध्या डोंगलवर उत्तम चालतात. एवढंच पाहायचं, की यंत्राचा आउटपुट इम्पीडन्स (ओहममध्ये दिलेला रोध) हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा. तो जास्त असला तर काही हेडफोनचा बेस खरोखरच बदलतो, आणि हा फरक चादरीआडूनही ऐकू येतो.

मग महागडा हेडफोन चांगला असतो का? येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोन मोजून त्यांच्या स्वरांच्या समतोलाची किमतीशी सांगड घालून पाहिली. संबंध आढळला नाही. किंमत मोजावी ती कानावर कसा बसतो, किती टिकतो आणि सुटे भाग मिळतात का यासाठी. एचडी ६०० च्या गाद्या आणि केबल घरच्या घरी बदलता येतात, म्हणूनच तो इतकी वर्षं माणसांच्या कानांवर आहे. नकली चामड्याच्या गाद्या मुंबई-कोकणच्या दमट हवेत सोलून निघतात. गाद्या सुट्या मिळत नसतील, तर हेडफोन कितीही चांगला वाजो, त्याचं आयुष्य त्या गादीइतकंच. बिनवायरीच्या छोट्या इअरबड्सचं आयुष्य त्यांच्या बॅटरीइतकं, आणि ती बॅटरी सहसा बदलता येत नाही. गाणं हा ज्याचा नित्यनेम आहे त्याने म्हणून वायरचाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आता खोली. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं, आणि लोकांना सगळ्यात कमी ऐकायचं असतं, कारण इथे विकत घ्यायला फारसं काही नाही. आपल्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत टाइल्स, चारही बाजूंना प्लास्टर केलेल्या भिंती, समोर काचेची सरकती खिडकी. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग झणझणता तरंग ऐकू आला, तर तुमचा लाखाचा स्पीकरही त्याच तरंगात बुडणार आहे. उपाय घरातलेच: जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला वजनदार पडदा, एका भिंतीला वेड्यावाकड्या आकारांच्या पुस्तकांनी भरलेलं कपाट. आजीची गोधडी भिंतीवर टांगली तर ती दिसतेही छान आणि वरच्या स्वरांची चमक शोषूनही घेते. भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटं पुढे टांगली तर जास्त काम करते.

बेसला गोधडीने काही होत नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो, दहा फुटांच्या खोलीत ५६ च्या आसपासचा. भिंतीला टेकून बसलात तर तो सुजल्यासारखा येतो, बरोबर मधोमध बसलात तर जवळपास नाहीसा होतो. आधी खुर्ची सरकवा. एक-एक वीत पुढे सरकत बसा आणि डग्ग्याचा घुमारा कुठे नैसर्गिक वाटतो ते ऐका. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. मोठा वूफर घ्यायला निघालेल्या माझ्या मावसभावाला मी हे आधी करायला लावलं. त्याचा बेस त्याच्याच घरात होता, सोफ्याच्या चुकीच्या जागी बसून तो त्याला मुकत होता. वूफरचे पैसे वाचले. वहिनींना सोफा हलवलेला आवडला नाही, पण महिन्याभराने त्याच म्हणाल्या की बातम्यासुद्धा आता नीट समजतात.

पारख करायला तानपुऱ्यासारखं साधन नाही. चार तारा, संथ गती, आणि प्रत्येक तारेतून उमलणारे वरचे स्वर. जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, खरखरीत किंवा काचेसारखी वाजली तर हेडफोनचे वरचे स्वर चढलेले आहेत. ती मंद झाली आणि नुसतं गुंजन उरलं तर ते दबलेले आहेत. त्यानंतर ओळखीच्या गळ्याचा आवाज लावा. विक्रेता ऐकवतो ती ढोल-सिंथेसायझरची रेकॉर्डिंग्ज ऐकून काहीच ठरवू नका, कारण त्यातलं मूळ वाद्य कसं वाजतं हे आपल्याला ठाऊकच नसतं.

रेकॉर्डिंगची मर्यादाही मान्य करायला हवी. केसरबाई केरकरांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत आवाज एकाच वाहिनीचा, दर बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचा, आणि वरचे बरेचसे स्वर मुळातच नोंदले न गेलेले. चमकदार हेडफोनवर त्यात फक्त सुईची खरखर वाढते. आणि १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या पुढचे मोठाले आकडे? मायर आणि मोरन यांनी २००७ साली छापलेल्या प्रयोगात उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाच्या गाळणीतून काढलं, तेव्हा नेहमीच्या आवाजात ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. त्या जादा आकड्यांसाठी जादा पैसे देण्यापेक्षा त्याच गायकाचं जास्त चांगलं ध्वनिमुद्रण शोधा. फरक तिथे पडतो.

हेडफोन थोडा चुकत असेल तर लगेच दुसरा घेऊ नका. संगणकावर इक्वलायझर एपीओ मोफत मिळतो, फोनसाठीही अशी ॲप्स आहेत. टोचणारा भाग दोन-तीन डेसिबल खाली आणा. पण आधी आणि नंतरची तुलना करताना एकूण आवाज पुन्हा जुळवा, नाहीतर तोच पहिला भास परत येतो.

खरेदीबाबत तीन प्रसंग सांगतो. एक हेडफोन परदेशातून स्वस्तात मागवून देणाऱ्याकडून माझ्याकडे आला. काही महिन्यांत डावी बाजू मुकी झाली आणि इथल्या सेवा केंद्राने भारतात विकलेला माल नाही म्हणून हात वर केले. वॉरंटी सहसा देशापुरती असते, म्हणून बिलावर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक आहे का ते पाहा. रीतसर बिल असूनही कोणी टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दुसरा प्रसंग: "शंभर तास वाजवा, मग खुलेल," असं सांगून एका मित्राला थांबवलं गेलं. शंभर तास होईतो परत करायची मुदत संपली. आज कानाला जे आवडत नाही ते आजच परत करा. तिसरा: अमेरिकेतल्या नातलगाने प्रेमाने आणलेला ॲम्प्लिफायर १२० व्होल्टचा निघाला. आपल्याकडे २३०. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

जुनं घ्यायला माझी ना नाही, उलट स्पीकर जुनेच घ्यावेत. जाळी काढून वूफरच्या कडेची फोमची पट्टी बोटाने हलकेच दाबा. भुगा निघाला तर ती बदलायचा खर्च धरूनच भाव करा. रबरी कड जास्त टिकते. जुना ॲम्प्लिफायर अर्धा तास वाजता ठेवा, बटण फिरवताना खरखर येते का ते ऐका, आणि गाणं नसताना स्पीकरमधून हुंकार येतो का, तेही.

आणि आवाजाची पातळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास सुरक्षित, ९० डेसिबलला फक्त ४. लोकलमध्ये गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवणाऱ्याने म्हणूनच कान बंद करणारे इअरफोन घ्यावेत, म्हणजे बटण खालीच राहतं. गेलेलं ऐकू येणं कोणत्याही किमतीत परत मिळत नाही.

"काका, माझ्याकडे वीस हजार आहेत, काय घेऊ?" असं भाचे-पुतणे विचारतात. घरात गाणी मोकळी लावता येत असतील, तर मी सांगतो की बारा-तेरा हजारांत जुने पण धडधाकट बुकशेल्फ स्पीकर घे, चार-पाच हजारांत जुना ॲम्प्लिफायर, दोनशेची वायर, उरलेल्यात सतरंजी आणि पडदा. भाड्याच्या खोलीत राहत असशील तर दोन-तीन हजारांचे वायरचे इअरफोन आणि एक डोंगल घे, सहा महिने ऐक, आणि नेमकं काय कमी पडतंय ते वहीत लिही. बेस, कानाचं दुखणं, की बाहेरचा गोंगाट? त्यावरून पुढचा हेडफोन निवड, आणि उरलेल्या पैशांतले हजार-दीड हजार बाजूला ठेव, नव्या गाद्यांसाठी.