करडा रंग करड्या शाईचाच

ओंकार: मावशी, हा वारीतला फोटो ट्यूबलाइटखाली छान काळापांढरा दिसतो, पण खिडकीपाशी नेला की आजोबांच्या धोतरावर हिरवट झाक येते. मॉनिटर बिघडलाय का माझा?

मावशी: मॉनिटरचा काही दोष नाही. हे भिंग घे आणि धोतराच्या चुण्या बघ. काय दिसतंय?

ओंकार: निळे ठिपके, गुलाबी ठिपके, मधेमधे पिवळे. काळे अगदी थोडे.

मावशी: हाच तुझा करडा रंग. रंगीत प्रिंटर तो तीन रंगांचा तोल सांभाळून बनवतो. हा तोल एका प्रकाशात जमवलेला असतो, प्रकाश बदलला की ढळतो.

ओंकार: मग ड्रायव्हरमध्ये ‘फक्त काळी शाई’ निवडतो.

मावशी: तुझ्या एपसन १४०० मध्ये काळी शाई एकच आहे, बाकीच्या पाच रंगीत. एकाच काळ्या शाईने फिकट छटा काढायची तर ठिपके विरळ टाकावे लागतात. मग आभाळावर आणि गालांवर मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसतं. म्हणून काही लोकांनी रंगीत शाया काढून त्यांच्या जागी काळ्याच्या पातळ होत गेलेल्या छटा भरल्या. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जॉन कोन यांनी २००० साली ‘पिएझोग्राफी’ नावाने अशी पद्धत बाजारात आणली. तुझ्या प्रिंटरमध्ये मग सहाही कप्प्यांत करडा, गडदपासून अगदी फिकटपर्यंत. आभाळ सगळ्यांत फिकट शाईने भरतं, ठिपके एकमेकांवर चढतात आणि कागदाचं पांढरेपण हळूहळू मावळत जातं. धोतराच्या चुणीत मला हीच गोष्ट बघायला आवडते: पांढऱ्यातला पांढरा.

ओंकार: हे कुठल्याही प्रिंटरवर चालेल?

मावशी: नाही. एपसनच्या हेडमध्ये स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो वाकतो आणि शाईचा थेंब ढकलतो. दुसऱ्या जातीच्या हेडमध्ये शाई तापवून, बुडबुडा करून थेंब उडवतात, त्यामुळे तिथे शाईच्या घडणीला फार महत्त्व येतं. परक्या शाईचा खेळ एपसनवर रंगला तो त्या स्फटिकामुळे. शिवाय या कामाचं सॉफ्टवेअरही त्याच प्रिंटरांसाठी लिहिलं गेलं.

ओंकार: सॉफ्टवेअर कशाला? शाई बदलली की झालं ना?

मावशी: इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. कप्प्यात तू करडी शाई भरलीस, पण ड्रायव्हरला त्याचा पत्ता नाही. त्याच्या लेखी तिथे अजून निळी आणि गुलाबीच आहे. त्या हिशेबाने तो शाया सोडतो आणि छटांचा क्रम विस्कटतो: जिथे फिकट हवं तिथे गडद पडतं. म्हणून तो ड्रायव्हर बाजूला ठेवून रॉय हॅरिंग्टन यांचं ‘क्वाडटोन रिप’ वापरतात. त्यात प्रत्येक शाईचा वेगळा आलेख असतो: कुठल्या छटेला ती सुरू व्हावी, कुठे भरात यावी, कुठे थांबावी. आणि कुठल्या कप्प्यात कुठली छटा भरायची ते शाई बनवणारा ठरवून देतो. दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर सगळे आलेख फुकट. म्हणून बाटलीवर नि कार्ट्रिजवर आधी चिठ्ठी चिकटव, मगच बूच उघड.

ओंकार: आतल्या रंगीत शाईचं काय?

मावशी: ती धुऊन काढायची. तुझ्या १४०० मध्ये कार्ट्रिज हेडवरच बसतात, लांब नळ्या नाहीत, त्यामुळे काम थोडक्यात होतं. पुन्हा भरता येणारी, आपोआप रीसेट होणाऱ्या चिपची सहा कार्ट्रिज घे. आधी त्यांत धुण्याचं द्रावण भर आणि रिपमधून एकेका कप्प्याची भरगच्च पानं छाप, रंग दिसेनासा होईपर्यंत. सारखं हेड क्लीनिंग करू नकोस. ती सगळी शाई खालच्या स्पंजात मुरते आणि प्रिंटर त्याचा हिशेब ठेवतो. हिशेब भरला की तो कामच बंद करतो.

ओंकार: आणि नॉझल चेक? फिकट करड्याच्या रेघा दिसणार तरी आहेत का?

मावशी: समोरून नाही दिसत. कागद खिडकीशी तिरपा धर. एखादी रेघ तुटली असेल तर तिथे फट दिसते. तेवढी नजर बसवावी लागते, कारण फिकट शाईचं एक नॉझल बंद असलं तरी आभाळात पट्टा उमटतो.

ओंकार: शाई कुठली घेऊ?

मावशी: कार्बनची, पिगमेंट असलेली. कार्बन म्हणजे काजळीच, उजेडाने सहजी उडत नाही. पण पातळ केला की तपकिरीकडे झुकतो. वारीच्या फोटोंना ती ऊब शोभेल असं मला वाटतं. निखळ करडा हवा असेल तर निळसर टोनर मिसळलेल्या शाया मिळतात. कागद मॅट घे, कापसाचा. मॅटवर काळ्याची घनता १.६ ते १.७ च्या आसपास येते, ग्लॉसीवर २ च्या पुढे जाते. पण ग्लॉसीवर पिगमेंट वरच बसतं आणि चमक उणीअधिक होते. त्यावर आणखी पारदर्शक थर द्यावा लागतो.

ओंकार: पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद चालेल?

मावशी: साध्या हातकागदावर इंकजेटचा लेप नसतो. शाई आत मुरते आणि काळा मंदावतो. धागे सुटून हेडजवळ अडकतात ते वेगळंच. लेप असलेलाच घे. कागद ठरला की त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छाप, रात्रभर वाळू दे, सकाळी प्रत्येक पायरीची घनता मोजून घे. दोन पायऱ्या एकसारख्या वाटल्या तर आलेख दुरुस्त करायचा. कागद बदललास तर हे पुन्हा करावं लागेल.

ओंकार: एवढा खटाटोप सगळ्यांनीच करावा का?

मावशी: मुळीच नाही. २००५ पासून एपसनच्या काही प्रिंटरांत तीन काळ्या शाया आणि काळ्यापांढऱ्यासाठी वेगळा मोड येतो. तो प्रिंटर असता तर मी तुला आधी त्यावरच छापायला लावलं असतं. तुझ्याकडे काळी शाई एकच आणि फोटो ढीगभर, म्हणून हा मार्ग सांगते. पण ताईच्या लग्नाचे फोटो यावर निघणार नाहीत, रंगीतसाठी दुसरा प्रिंटर लागेलच. परत रंगीत करता येतो, पण धुण्याची सगळी कसरत उलट्या दिशेने.

ओंकार: शाई भरल्यावर महिनाभर काही छापलं नाही तर?

मावशी: पिगमेंट तळाशी बसतं. आठवड्यातून एक पान तरी छाप, सहाही शाया लागतील असं. आणि कार्ट्रिज भरण्याआधी बाटली जोरात न हलवता सावकाश उलटीसुलटी कर, फेस यायला नको.