टॅब कोणता घ्यावा?



उसाचे बिल बँकेत जमा झाले की गट ऑफिसात हल्ली एक नवाच प्रश्न येतो. पूर्वी "तोड कधी?" एवढे विचारून माणूस जायचा. आता जाता जाता म्हणतो, "साहेब, पोरं टॅब घ्या म्हणतात. कोणता घेऊ?" या प्रश्नाला एका नावात उत्तर देणे आम्हाला बरोबर वाटत नाही. कंपनीचे नाव सांगणे सोपे आहे, पण एकाच्या कामाचा टॅब दुसऱ्याच्या घरी कपाटात पडून राहतो. म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम पैशाचे बोलू. बाजारात कामचलाऊ टॅब १० हजारांच्या आतबाहेर मिळतो, बरा म्हणावा असा १५ ते २५ हजारांत. हाती येणारा भाव टनाला ३,००० रुपये धरला तर १५ हजारांचा टॅब म्हणजे ५ टन ऊस. एकरी ४० टन उतारा असेल तर गुंठ्याला एक टन पडतो. म्हणजे पाच गुंठे उसाची वर्षभराची लागण, खत, पाणी आणि भांगलण त्या एका काचेत गेली. एवढी रक्कम खताच्या किंवा बेण्याच्या बाबतीत खर्च करताना आपण चार जणांना विचारतो. टॅबच्या बाबतीत मात्र दुकानदाराने "हा चालतोय बघा सध्या" म्हटले की पैसे काढून देतो.

आपल्याच क्षेत्रातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. कै. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहात १९९८ साली केंद्र शासन, राज्य शासन आणि कारखाना यांनी मिळून एक मोठा प्रयोग सुरू केला. वारणानगर परिसरातील ७० गावांसाठी माहिती केंद्रे काढून तेथे संगणक ठेवले. बाजारभाव, पिकांची माहिती, सरकारी योजना, इंटरनेट, असे पुष्कळ काही त्या संगणकावरून शेतकऱ्याला मिळावे असा हेतू होता. हेतू उत्तम होता. पण पुढे बंगलोरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी तेथे येऊन पाहिले तेव्हा शेतकरी त्या केंद्रात मुख्यतः ठराविक कामांनाच येत होता असे दिसले: उसाचे वजन किती भरले, बिल किती निघाले, खत किती उचलले, तोडीचे काय. एवढ्या कामाला पूर्ण संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती कशाला? मग २००६-०७ च्या सुमारास त्यांनी सात गावांत साध्या मोबाईलवरून एसएमएस पाठवून हीच माहिती मिळण्याची सोय करून पाहिली. ती चालली. यंत्र लहान झाले, खर्च कमी झाला आणि काम तेच राहिले.

आमच्या मते टॅब घेणाऱ्याने वारणेची ही हकीकत आधी मनात घ्यावी. संगणक वाईट नव्हता, कामाच्या मानाने तो मोठा होता एवढेच.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आठ दिवस एक करा. घरातल्या कॅलेंडरच्या मागे किंवा मुलाच्या वहीत रोज लिहून ठेवा की आज मोबाईलवर कोणते काम अडले. नुसते "अडले" नव्हे, का अडले तेही. अक्षर लहान होते, रेंज नव्हती, फोन भरला होता, की दोघांना एकाच वेळी फोन हवा होता? आठ दिवसांनी तो कागद बघितला की निम्म्या घरांना टॅब लागतच नाही असे दिसेल. काट्यावरचे वजन आणि बिलाची रक्कम मोबाईलवर कळते. डिजिटल सातबारा आणि आठ-अ फोनवर निघतो. साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये आणलेले 'महा-ऊस नोंदणी' ॲपही फोनवरचेच होते. फोन जुना होऊन अडखळत असेल तर त्याच पैशात फोन बदलणे शहाणपणाचे, कारण टॅब काही बंडीच्या खिशात मावत नाही.

पण ज्यांच्या कागदावर "अक्षर दिसत नाही" असे चार वेळा आले, त्यांनी टॅब जरूर घ्यावा. साठीच्या पुढच्या सभासदाला माती परीक्षणाचा अहवाल, गटाचा नकाशा किंवा सोसायटीचा उतारा सहा इंची पडद्यावर वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षाच आहे. अशांनी १० ते ११ इंची पडदा घ्यावा. दुकानातच सेटिंगमध्ये जाऊन अक्षर सर्वांत मोठे करून बघावे, आणि मराठीत बोलून लिहिण्याची सोय चालते का तेही तिथेच बघावे. "ऊस लागण" असे बोलल्यावर पडद्यावर काय उमटते ते पाहण्यात संकोच कसला? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे, हे दुकानदार पहिल्यांदा सांगतो. आपल्याला ते शेवटी विचारायचे आहे.

घरातला मुलगा वा मुलगी दहावीच्या पुढे शिकत असेल तर मात्र थोडे थांबा. नागपूरच्या 'महाज्योती' या शासनाच्या संस्थेने इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि इंटरनेट डेटा दिलेला आहे. आपला पाल्य त्यात बसतो का, अर्ज सुरू आहेत का, हे शाळेत किंवा कॉलेजात विचारल्याशिवाय पैसे मोडू नका. विचारायला काही पडत नाही.

अभ्यासासाठी विकत घ्यायचाच असेल तर अगदी स्वस्ताच्या मागे लागू नये. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने 'आकाश' नावाचा टॅब विद्यार्थ्यांसाठी आणला होता. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता, आणि सगळ्या जगात त्याची चर्चा झाली. पण आत स्मृती फक्त २५६ एमबी, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा आणि पडदा जोराने दाबावा लागणारा. पोरांचा उत्साह दोन दिवसांत मावळावा असेच ते यंत्र होते. पुढच्या वर्षी 'आकाश २' काढून त्यात सुधारणा करावी लागली. आजच्या हिशेबाने रॅम ४ जीबीच्या खाली घेऊ नका, ६ असेल तर बरे. साठवण ६४ जीबी लिहिलेली असली तरी त्यातली बरीच जागा टॅबची स्वतःची व्यवस्थाच खाते. व्याख्यानांचे व्हिडिओ उतरवून ठेवायचे असतील तर १२८ जीबी घ्या, नाहीतर निदान मेमरी कार्डाची खाच आहे ना हे बघा. अँड्रॉइडचे सुरक्षा अपडेट आणखी किती वर्षे येणार हे दुकानदाराला विचारावे. हे बंद झाले की दोन-तीन वर्षांनी बँकेचे ॲप चालायला नकार देते, आणि चांगला दिसणारा टॅब निकामी होतो.

आता शेतातला टॅब. घरातला आणि शेतातला हे दोन वेगळे जिन्नस आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे. एकातच दोन्ही भागवायला गेले की दोन्हीकडे अडते.

पहिली गोष्ट जीपीएसची. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि पिकाचा फोटो आपल्या गटात उभे राहून घ्यावा लागतो. टॅबला आपण कुठे उभे आहोत हे कळलेच नाही तर नोंद कशी होणार? नुसत्या वायफायवर चालणाऱ्या कित्येक टॅबमध्ये जीपीएस नसते. खोक्यावर ते शब्द शोधा, आणि दुकानाबाहेर येऊन नकाशा उघडून खात्री करा. शिवाय पाहणीचे ॲप त्या टॅबवर उतरते का, हे पैसे देण्यापूर्वी बघा.

जीपीएस आहे म्हणून त्यावर बांधाचा वाद मात्र मिटवू नका. १० गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. चौकोनी तुकडा धरला तर बाजू ३२ मीटरच्या आसपास. टॅबने एक कड ३ मीटरने चुकवली तर जवळजवळ एक गुंठा इकडचा तिकडे झाला. लागणीचा, खोडव्याचा अंदाज घ्यायला ते पुरे आहे. हद्दीला भूमि अभिलेखची मोजणीच लागते.

दुसरी गोष्ट उन्हाची. एप्रिलमध्ये बांधावर टॅब धरला की काळा आरसा होतो, त्यात आपलेच तोंड दिसते. म्हणून पडद्याचा उजेड भर दुपारी दुकानाच्या पायरीवर तपासावा, आतल्या दिव्याखाली सगळेच छान दिसते. कित्येक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच वापर सांगतात. त्यापुढे पडदा मंद होतो, कधी बंदच पडतो. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर टॅब ठेवून जेवायला बसणे त्याच्या बॅटरीला मारक आहे.

पावसाचा मुद्दा सांगताना घाटाखालचे उदाहरण घेऊ, कारण तिकडे आपल्याकडील पुष्कळांची सोयरीक आहे. कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे गाव आहे. प्राचीन बौद्ध लेणी आहेत, पावसाळ्यात मुंबई-पुण्याची पोरे तिथून राजमाचीला चढतात. तिथल्या शेतकऱ्याला उसाचे बिल नाही, काटा नाही. त्याचे भात, आणि त्याची ई-पीक पाहणी यायची ती नेमकी खरिपात, म्हणजे धो धो पावसात. ओल्या बोटाने टॅबचा पडदा ऐकत नाही, की भलतेच काही उघडतो. अशा ठिकाणी आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेला टॅब लागतो. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आपल्याकडे साधे चांगले कव्हर भागते, कारण आपल्याला फार तर धूळ आणि दवाची भीती.

दुसरे असे की डोंगराच्या कुशीत टॉवरची रेंज अडते. जीपीएस मात्र उपग्रहावरून येते, त्याला टॉवर लागत नाही. फक्त आकाश थोडे मोकळे हवे, आणि दरीत किंवा झाडीत दोन मिनिटे थांबावे लागते. म्हणून कोंडाण्याच्या माणसाला इंटरनेट नसताना काम साठवून ठेवता येईल असा बंदोबस्त आधी लागतो: नकाशा घरूनच उतरवून घेणे, मोठी साठवण. त्याच्या ओटीवर पाहुणे जेवायला उतरत असतील तर त्यांना लेण्यांचे आणि जेवणाचे फोटो दाखवायला मोठा पडदाही कामाला येतो. आपल्या कोणा सभासदाने व्याह्यांच्या घरी बघून तसाच महागडा मजबूत टॅब घ्यायचा म्हटले तर ते पैसे वाया जातील. उलट आपला हलका घरगुती टॅब कोंडाण्याच्या खाचरात पहिल्या श्रावणातच राम म्हणेल.

सिमकार्डाबद्दल पुष्कळ गैरसमज दिसतो. टॅब दोन तऱ्हेचे: एक नुसता वायफायचा, दुसरा सिमचा. वायफायचा दोन-चार हजारांनी स्वस्त असतो, आणि घरात एक चांगला फोन असेल तर त्याच्या हॉटस्पॉटवर तो चालतो. दर महिन्याचे वेगळे रिचार्ज वाचते. घरगुती वापराला आम्ही हाच सुचवू. शेतात, वस्तीवर एकट्याने वापरायचा असेल तर सिमचा. पण सिम आहे म्हणून बोलता येईलच असे नाही. काही टॅबवर फक्त इंटरनेट चालते, फोन लागत नाही. बँकेचा ओटीपी तर फोनवरच येणार, तेव्हा टॅब आला म्हणून फोन विकू नये.

पोरे आणि बँक एकाच टॅबवर नकोत. खेळता खेळता पोराने कुठे बोट ठेवले आणि पीएम किसानच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडली की खाते रिकामे होण्याची वेळ येते. बँकेचे व्यवहार फोनवर, कुलूप लावून. टॅब अभ्यासाला आणि वाचनाला.

आता खरेदीचे. पक्के बिल घ्या. टॅबवर १८ टक्के जीएसटी आहे, तो चुकवण्यासाठी "बिल नको, आठशे कमी" म्हणणारा दुकानदार हमीच्या वेळी ओळख दाखवत नाही. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो पाहा. सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला, हे घेण्याआधी विचारा. फुटलेल्या काचेसाठी दोनदा पुण्याला हेलपाटा पडला तर स्वस्ताई तिथेच संपली. हप्त्यावर घेत असाल तर व्याज आणि प्रक्रिया शुल्क मिळून एकूण किती जाणार ते कागदावर लिहून मागा, आणि पीककर्जाच्या पैशाला तर हात लावूच नका.

जुना, वापरलेला सिमचा टॅब घेताना *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. हे दाबून काही आले नाही तर सेटिंगमध्ये तो क्रमांक सापडतो. मग मोबाईलवरून इंग्रजीत केवायएम, एक मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. चोरीचा किंवा बंद केलेला माल असेल तर उत्तरात कळते. हाच क्रमांक नव्या टॅबचाही बिलाबरोबर फाइलीत लिहून ठेवा. टॅब हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन 'संचार साथी' संकेतस्थळावर तो बंद करता येतो, आणि तिथे पहिल्यांदा हाच क्रमांक मागतात.