वरची खोली : मराठी साहित्यातील समलिंगी पुरुषाचे शहर आणि शोकाचा अधिकार

मराठीतील महानगरी साहित्याची चर्चा करताना आपण सहसा गर्दी, भूक, परात्मता, झोपडपट्टी आणि नाका या खुणांपासून आरंभ करतो. जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३), भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' (१९६५), नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) ही नावे त्या ओघात येतात आणि ती यावयासच हवीत. मात्र या शहरात राहणारा, लोकलने ये-जा करणारा, भाड्याच्या खोलीचे डिपॉझिट जमविणारा आणि घरच्यांनी सुचविलेली स्थळे टाळीत राहणारा समलिंगी पुरुष या चर्चेत फारसा येत नाही. आला तर 'वेगळा विषय', 'धाडसी हाताळणी', 'निषिद्ध अनुभव' अशा शब्दांनी त्याचे स्वागत होते. हे शब्द गौरवाचे असले तरी त्यांच्यामुळे एक नुकसान झाले आहे. तो माणूस 'विषय' झाला की त्याचे रोजचे जगणे समीक्षेच्या दृष्टीआड जाते. संबंधित साहित्यकृती मात्र रोजच्या जगण्याविषयीच अधिक बोलतात, असे बारकाईने वाचल्यास दिसून येते.

प्रस्तुत लेखात सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीच्या आधारे एक मुद्दा मांडावयाचा आहे. तिच्या अनुषंगाने अन्य काही कृतींचा निर्देश येईल. मुद्दा असा : मराठी मध्यमवर्गीय शहर समलिंगी पुरुषाला जागा नाकारत नाही. किंबहुना त्याला ते बरीच जागा देते. ते नाकारते ती त्याच्या आयुष्यात काही घडले याची नोंद. प्रेम जडले याची नोंद नाही म्हणून प्रेम संपले याचीही नाही. आणि म्हणून शोकाचा अधिकारही नाही.

हे स्पष्ट होण्यासाठी आधी शहरातील जागेची रीत ध्यानात घ्यावी लागेल. मुंबईच्या चाळीत दिवसा दार लावून घेणे हीच एक बातमी असते. गॅलरी सामाईक, नळ सामाईक, शौचालय सामाईक. अशा वस्तीत एकांत हा वेळापत्रकाचा भाग होतो. पुण्यातील वाड्याची रचना वेगळी. तेथे घरमालकाचे कुटुंब खाली राहते, आणि जिन्याने वर गेल्यावरची एखादी खोली शिकावयास वा नोकरीस आलेल्या तरुणाला दिली जाते. पुढे 'पेइंग गेस्ट' आणि 'कॉट बेसिस' हे शब्द पुणेरी मराठीत इतके रुळले की त्यांचे परकेपण कोणास जाणवत नाही. या साऱ्या व्यवस्थेत मालकाची नजर एकाच गोष्टीवर असते : वर मुली येता कामा नयेत. मित्र आले, राहिले, एका पांघरुणात झोपले, तरी त्यात कोणास काही वाटत नाही. 'हा माझा मित्र' या तीन शब्दांनी कोणत्याही मराठी घराचा उंबरठा ओलांडता येतो. 'ही माझी मैत्रीण' म्हटले की चौकशी सुरू होते.

म्हणजे ज्या सामाजिक संकेतांनी स्त्री-पुरुषांच्या भेटीगाठींना वेसण घातली, त्यांनीच दोन पुरुषांच्या सहवासाला आडोसा दिला. ही सहिष्णुता आहे असे मानण्याचा मोह होतो. पण ती सहिष्णुता नाही. दिसले तर सहन करण्याचा प्रश्न! येथे दिसतच नाही.

'कोबाल्ट ब्लू'ची सारी रचना या न दिसण्यावर उभी आहे. जोशी कुटुंबाच्या घरातील वरची खोली एका तरुण चित्रकाराला भाड्याने दिली जाते. घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा हे दोघेही त्याच्यात गुंततात. पुढे तो अनुजासह निघून जातो, काही महिन्यांनी तिलाही सोडतो आणि ती घरी परतते. कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिला तनयच्या आणि दुसरा अनुजाच्या निवेदनाचा. पाहुण्याला नाव नाही. कथानक म्हणून पाहिले तर हा एक त्रिकोण आहे, आणि अनेक परीक्षणांनी तो तसाच पाहिला. आपण त्याकडे घराच्या बाजूने पाहू.

परका तरुण घरात राहावयास आला तेव्हा या घराला जो धोका संभवतो तो मुलीच्या बाबतीत. मुलगा जिना चढून वर जातो, तासन् तास तेथे असतो, याचे कोणास काही वाटत नाही. वाटलेच तर समाधान, की मुलाला चांगली संगत मिळाली. तनयचे सर्वांत उत्कट दिवस आईवडिलांच्या डोक्यावर, एका छताच्या अंतरावर जातात. त्याला घर सोडावे लागत नाही, खोटे नाव घ्यावे लागत नाही. पुढे अनुजा निघून जाते तेव्हा घर हादरते. शोध, चर्चा, नातेवाईक, अब्रू. ती परतल्यावर तिच्या मनःस्थितीची काळजी, डॉक्टर. तिच्यावरील या उपचारांत जाच पुष्कळ आहे, घराची सत्ता आहे, मुलीच्या जातीला सोसावे लागणारे सारे काही आहे. तरीही तिच्या दुःखाला घरात एक आकार आहे. लोक ते चुकीच्या शब्दांत का होईना, पण बोलतात. तिचे काहीतरी बिघडले आहे हे सर्वांना मान्य आहे.

तनयचे काहीच बिघडलेले नाही. बहीण पळून गेलेल्या घरातला तो एक भाऊ आहे, आणि भावाने अशा वेळी जे करावयाचे ते त्याच्याकडून अपेक्षित आहे. ज्या माणसाला तो गमावून बसला त्याच्यावर घरातल्यांसमवेत त्याने संतापावयाचे आहे. एकाच छताखाली एकाच माणसासाठी दोन शोक चालू आहेत. पैकी एक घरभर पसरला आहे आणि दुसऱ्याला बसावयास कोपरा नाही. माझ्या मते कादंबरीचे मर्म प्रेमापेक्षा या विषम वाटणीत आहे. अनुजाच्या भागात तनय आहे तो भाऊ म्हणून. ज्याने पहिला भाग वाचला आहे अशा वाचकालाच तिच्या पानांतून त्याला शोधीत जावे लागते. दोन भागांचा क्रम उलटा असता तर हे साधले नसते.

येथे भाषेचा एक प्रश्न उपस्थित होतो आणि मराठीच्या अभ्यासकाने त्यावर थांबावे. तनय आपले निवेदन गेलेल्या माणसाला उद्देशून करतो. 'मी' आणि 'तू' यांत लिंगभेद नाही, म्हणून इंग्रजीसारख्या भाषेत प्रेमी आणि प्रियकर या दोघांचेही लिंग हवे तितका काळ झाकून ठेवता येते. मराठीत 'तू गेलास' आणि 'तू गेलीस' यांतून एकाची निवड करावीच लागते. अकर्मक क्रियापद भूतकाळात आले की पडदा उरत नाही. उलट सकर्मक क्रियापदाच्या कर्तरीहून भिन्न प्रयोगात, 'तू चित्र काढलेस', 'तू दार लावलेस' अशा वाक्यांत, कर्त्याचे लिंग लपते. म्हणजे मराठीत 'तू' काय केलेस हे सांगताना लपता येते. 'तू' आलास, बसलास, निघालास हे सांगताना येत नाही. येण्याजाण्याचीच ही गोष्ट असल्याने तिला मराठीत लपण्यास वावच नव्हता. जेरी पिंटो यांनी या कादंबरीचा केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुवाद चांगला आहे. पण मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून केवळ क्रियापदे तपासण्याचा अभ्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अवश्य करावा. आपल्या परंपरेत ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून पुरुष कवीने स्त्रीच्या मुखाने पुरुषरूप देवाला आळविण्याची वाट मोकळी होती. त्या रचनांवर आजच्या कल्पना लादू नयेत. तरीही पुरुषाने पुरुषाच्याच क्रियापदाने पुरुषाला आळविणे मराठी गद्याला किती उशिरा सुचले, हे त्या तुलनेत ध्यानात येते.

कुंडलकरांनी स्वतःच दिग्दर्शित केलेला याच नावाचा चित्रपट २०२२ मध्ये आला. त्यात हे मराठी कुटुंब केरळात नेले आहे. दृश्ये रम्य झाली. पण ज्या शेजाराच्या, नातेगोत्याच्या, 'लोक काय म्हणतील'च्या जाळ्यात वरची खोली टांगलेली होती ते जाळे सैल झाले, असे मला वाटते.

दुसऱ्याच्या खोलीचा आधार घेणे मराठी साहित्याला अपरिचित नव्हते. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील सुमित्रा ऊर्फ मित्रा ही स्त्री आहे, तेव्हा आपल्या विषयाशी त्याचा संबंध अप्रत्यक्ष. पण मित्रा आणि नमा यांच्या भेटींसाठी बापूची वसतिगृहातील खोली कामी येते, आणि मित्राच्या आत्मनाशानंतर तिची गोष्ट सांगावयास उरतो तो बापूच. तेथे निदान एक साक्षीदार आहे. तनयला बापू नाही. बापूसारखा मित्र ही काय सोय असते, हे ज्याला तो लाभला नाही त्याला विचारावे.

खोली कोणाची, हा प्रश्न जातीचा आणि पैशाचाही आहे. 'कोबाल्ट ब्लू'त तो उमटत नाही, कारण घर जोश्यांचे आहे. तो इंग्रजीत लिहिलेल्या पण मुंबईच्या मराठी जीवनाला भिडलेल्या एका कादंबरीत उमटतो. पुणे विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केलेले आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड' (२००३) या कादंबरीत चाळिशीतला पत्रकार युदी आणि मिलिंद महाडिक हा दलित तरुण चर्चगेट स्थानकावरील पुरुषांच्या प्रसाधनगृहात भेटतात. खोली युदीची आहे, म्हणून संबंधाच्या अटीही बऱ्याच अंशी त्याच्या आहेत. लेखक हे लपवीत नाही. १९९२-९३ च्या दंगलीत शहर पेटते तेव्हा युदीला या तरुणाची काळजी लागते. पण कोणत्या नात्याने, कोणाकडे चौकशी करावयाची? पुढे मिलिंदचे रीतसर लग्न होते. त्या लग्नाकडे विश्वासघात म्हणून पाहणे मला पटत नाही. ज्याच्यापाशी स्वतःची खोली नाही त्याच्या दृष्टीने लग्न ही शहरात जागा मिळविण्याची सर्वमान्य रीत आहे.

चेतन दातार (निधन २००८) यांच्या 'एक माधवबाग' या एकपात्री संहितेत घराच्या बाजूने प्रथमच कोणी वाचावयास बसते. आई मुलाची डायरी वाचते आणि आपण इतकी वर्षे कोणाला वाढविले हे तिला नव्याने कळते. मला या संहितेत महत्त्वाचे वाटते ते आईचे वाचक होणे. तनयच्या घरात जे घडले नाही ते येथे घडते : लिहिलेले घरातल्या माणसाच्या हाती पडते. पुण्यातील समपथिक ट्रस्ट (स्थापना २००२) या संस्थेचे बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' ही कादंबरी लिहिली, तसेच आप्तांच्या कथनांचे 'मनाचिये गुंती' हे संकलन केले. वाङ्मयीन गुणांच्या तराजूत ही पुस्तके कोठे बसतात याची चर्चा होऊ शकेल. मात्र आईवडिलांना स्वतःचे दुःख बोलावयास त्यांतून शब्द मिळाले, ही नोंद वाङ्मयाच्या सामाजिक इतिहासात वगळता येणार नाही.

बोलणे धोक्याचे होते, याला कायद्याचाही इतिहास आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर १९३४ मध्ये जो खटला चालला तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून; त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते आणि खटला हरला. भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६० पासून होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते शिथिल केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा मोकळीक दिली. म्हणजे 'कोबाल्ट ब्लू' प्रकाशित झाली तेव्हा वरच्या खोलीत जे घडत होते तो गुन्हा होता. आश्चर्य असे की तनयच्या भयात पोलीस जवळजवळ नाहीत. त्याचा वैरी कायदा नाहीच. जेवणाच्या पानावरची नेहमीची बोलणी त्याला पुरतात. म्हणूनच कलम गेले तरी ही कादंबरी जुनी झाली नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र शासनाने काही सूचना काढल्या. एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एक कुटुंब समजावे, बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसावी, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. शेवटच्या सूचनेतील अट साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक वाचावी. तनयसारख्याचे नातेवाईक नेहमीच उपलब्ध असतात.

मराठी वृत्तपत्रांतील निधनवार्तांच्या चौकटी या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. खाली 'शोकाकुल' या शब्दापुढे पत्नी, मुलगे, सुना, जावई, नातवंडे अशी नावे क्रमाने येतात. आणि सर्वांत शेवटी, नावांवाचून, 'व मित्रपरिवार'.