घरची भाषा आणि शाळेचा तास

ट्रस्टच्या स्मरणिकेसाठी भाषाशिक्षणावर चार ओळी लिहाव्यात, असा चिटणीसांचा आग्रह झाला. विषय मोठा आहे. म्हणून आपल्या इंदूरच्या मराठी घरांस जवळच्या एका प्रश्नापुरतेच लिहितो. जी भाषा मूल घरी बोलते, तीच शाळेत इतरांस परकी म्हणून शिकविली जात असेल, तर त्या मुलाने तासाला काय करावे?

हा प्रश्न आपलाच नव्हे. अमेरिकेत स्पॅनिशच्या वर्गांत तो रोजचा आहे. मेक्सिकोहून आलेल्या घरातला मुलगा आणि इंग्रजी घरातली मुलगी शेजारी बसतात. ‘माझे नाव अमुक’ हे वाक्य मुलीस नवे. मुलगा जांभया देतो. लिहावयास सांगितले की मात्र पारडे फिरते. स्पॅनिशमध्ये ‘बी’ आणि ‘व्ही’ या अक्षरांचा उच्चार एकच, ‘एच’ तर मुकाच. मुलगी पुस्तकातून शिकलेली, म्हणून बरोबर लिहिते. मुलगा कानांनी शिकलेला, म्हणून चुकतो. वहीवर लाल रेघा येतात आणि आईची भाषाच अशुद्ध, अशी त्याची समजूत होते. यास्तव तेथील पुष्कळ शाळांत अशा मुलांसाठी निराळे वर्ग असतात. कॅलिफोर्नियाने तर २०११ साली कायदा करून, इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेत प्रावीण्य मिळविणाऱ्यांच्या शालान्त प्रमाणपत्रावर खास मुद्रा देण्याची सोय केली.

आता आपल्याकडचे सांगतो. माझ्या मराठीच्या वर्गात हिंदी घरांतली मुले अधिक. एक मराठी मुलगा सर्वांआधी उत्तरे देई, म्हणून मी त्याला ‘छोटा मास्तर’ करून इतरांचे पाठ घ्यावयास बसविले. दिवाळीपर्यंत तो पुस्तक उघडीनासा झाला. दोष माझा. त्याला शिकण्याजोगे मी काही दिलेच नव्हते!

मग काम बदलले. आजीकडून पुरणपोळीची कृती ऐकून यावयाची. प्रथम तिच्याच शब्दांत उतरावयाची, नंतर अनोळखी वाचकासाठी ग्रांथिक भाषेत. ‘केलं’ कोठे शोभते आणि ‘केले’ कोठे, हे त्यातून त्याला उमगले. आजीच्या बोलण्यावर रेघ मारावी लागली नाही. शब्दांच्या जोड्याही त्याच्याकडून जमवून घेतल्या: ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, मराठीत दंड, ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा, ‘संसार’ हिंदीत जग, मराठीत घरप्रपंच. इंदूरच्या मुलास दोन्ही अर्थ ठाऊक असतात. ते शेजारी मांडून कोणी दाखविलेले नसतात, इतकेच. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार सामान्यतः दीर्घ, मात्र ‘आणि’ व ‘नि’ ऱ्हस्व, हेही अशा मुलास मुद्दाम सांगावे लागते. कानाला तो भेद कळत नाही.

पालकांस एक विनंती. मराठीत गुण कमी पडले तर ‘घरी बोलतोस ना, मग?’ म्हणून रागावण्यापूर्वी वही पाहावी. चूक ऐकून लिहिल्याची की अर्थ न समजल्याची, हे ध्यानात येईल, आणि उपाय दोहोंचे वेगळे.

त्या मुलाची वही सध्या माझ्याकडेच आहे. पुरणपोळी लिहून झाली. कटाची आमटी राहिली आहे.