गिधाडें आणि गोठ्यांतील औषध

शेतकरी बंधूंनो, पूर्वीं गांवाबाहेर मेलेलें जनावर टाकलें कीं थोड्याच वेळांत आकाशांत गिधाडें घिरट्या घालूं लागत व पाहतां पाहतां तेथें केवळ हाडें उरत. आज तेंच जनावर दिवसेंदिवस कुजत पडतें. त्यावर मोकाट कुत्रीं पोसतात, आणि त्यांच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्यांचें भयहि वाढतें. अशुभ म्हणून ज्या पक्ष्याचा आपण तिटकारा केला, तो आपला बिनपगारी चाकर होता.

हीं गिधाडें गेलीं कोठें? पांढऱ्या पाठीचें गिधाड भारतांत १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारीं सुमारें एक इतकेंच उरलें. प्रथम कांहीं सांथ आली असावी असा तर्क होता. परंतु २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनानें खरें कारण उघड केलें. तें कारण म्हणजे गुरांच्या सुजेवर व वेदनेवर टोंचलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध होय.

औषध दिल्यावर जनावर लौकरच मेलें तर त्याचा अंश मांसांत राहतो. तें मांस खाणाऱ्या गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात व कांहीं दिवसांत तें मरतें. एका मृतदेहावर अनेक गिधाडें उतरतात. म्हणून शंभरांत एखादें जनावर असें दूषित असलें तरी पुरे होतें. शिवाय मादी वर्षाकांठीं एकच अंडें घालते. तेव्हां ही तूट लौकर भरून निघणें शक्य नाहीं.

सरकारनें २००६ सालीं जनावरांसाठीं डायक्लोफेनॅक बनविण्यास मनाई केली. तथापि माणसांसाठींच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जाऊं लागल्या, म्हणून २०१५ सालीं त्याहि बंद झाल्या. पुढें २०२३ सालीं केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक यांचा जनावरांसाठीं वापर निषिद्ध ठरला. निमेसुलाइडहि गिधाडांस घातकच आहे.

कोणी विचारील, ‘मग दुखणाईत बैलास तसेंच तळमळत ठेवावें काय?’ मुळींच नाहीं. मेलॉक्सिकॅम हें औषध गुणकारी असून गिधाडांस निर्धोक आहे. यास्तव पुढील नियम पाळावे :

(१) पशुवैद्याकडून मेलॉक्सिकॅमच मागावें.
(२) टोंचण्यापूर्वीं बाटलीवरील नांव स्वतः वाचावें.
(३) घातक औषध दिलेलें जनावर मेल्यास तें खोल पुरावें. उघड्यावर टाकूं नये.
(४) कुत्रीं वा बिबट्या मारण्यासाठीं मृतदेहांत विष कधींहि घालूं नये.

कायदा सरकारनें केला, परंतु गोठ्याच्या दारांत पहारा ठेवणें त्यास शक्य नाहीं. तो आपणच ठेवला पाहिजे. जटायूचें नांव आपण आदरानें घेतों. त्याचे वंशज आपल्या मुलांनीं केवळ चित्रांत पाहावे कीं आकाशांत, हें बऱ्याच अंशीं आपल्या हातांतील बाटलीवर अवलंबून आहे.