खोक्यातली मोटार

प्लास्टिकच्या नमुना-मोटारीचे खोके विकत आणले, की त्यात मोटार नसते. असतात त्या प्लास्टिकच्या चार-पाच चौकटी. झाडाच्या फांदीला फळे लागावीत तसे त्या चौकटींना सुटे भाग चिकटलेले असतात: दारे, आसने, चाकांच्या तबकड्या, सुकाणूचक्र. सोबत काचेसारखी पारदर्शक एक चौकट, चार मऊ टायर आणि आकृत्यांचा एक कागद. नववीत शिकणाऱ्या एका मुलीला तिच्या मामाने असे एक खोके आणून दिले. मोटार होती फोक्सवॅगनची ‘बीटल’, भुंग्याच्या आकाराची. ही गाडी १९३८ पासून २००३ पर्यंत बनत होती आणि अशा दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या तयार झाल्या. या मुलीची ही पहिलीच जुळणी. ती करताना तिच्यापुढे जे प्रश्न आले ते जवळजवळ सगळे भौतिकीचे आणि रसायनाचे होते.

पहिला प्रश्न खोक्यावरच छापलेला होता: १:२४. म्हणजे नमुन्यातली प्रत्येक लांबी खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याइतकी. हा चोवीसचा आकडा आला कुठून? एका फुटात बारा इंच. खऱ्या गाडीचा एक फूट नमुन्यात अर्ध्या इंचाने दाखवला, की प्रमाण १:२४ होते. अमेरिकी गाड्यांचे संच बहुधा १:२५ असतात. ते दशमान पद्धतीला सोयीचे, एका मीटरला चार सेंटिमीटर. बीटलची लांबी सुमारे ४.०७ मीटर. २४ ने भागा, १७ सें.मी. येतील. पट्टी लावून पाहिले तर नमुना तेवढाच भरतो.

आता वजन. खरी गाडी सुमारे ८२० किलोग्रॅमची. तीही चोवीसने भागायची का? छे! लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही चोवीस पटींनी घटल्या, म्हणून घनफळ २४ × २४ × २४ म्हणजे १३,८२४ पटींनी घटले. खरी गाडी जशीच्या तशी, त्याच लोखंडाची आणि काचेची, आक्रसली असती तर तिचे वजन जेमतेम ५९ ग्रॅम भरले असते. जाडीचे गणित तर अधिक मौजेचे आहे. नमुन्याचा पत्रा, म्हणजे प्लास्टिकची भिंत, सुमारे एक मिलिमीटर जाड असते. खऱ्या गाडीच्या मापात तो २४ मिलिमीटर झाला! अशा पत्र्याची मोटार चिलखती गाडीत जमा होईल. अस्सल प्रमाण पाळायचे तर ही भिंत कागदाहूनही पातळ करावी लागेल आणि बोट लागताच ती चेपेल. म्हणून सगळे नमुने इथे थोडी लबाडी करतात, आणि ती करावीच लागते.

हे भाग बनतात कसे? पॉलिस्टायरिन नावाचे प्लास्टिक दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवतात. ज्या वाटांनी ते आत जाते त्या वाटांतच थिजलेले प्लास्टिक म्हणजे त्या चौकटी. मोदकाचा दोन पाखांचा साचा तुम्ही पाहिला असेल. पाखे मिटतात त्या ठिकाणी मोदकावर एक बारीक रेघ उमटते. तशीच रेघ या मोटारीच्या अंगावरही असते. मोटारीचा सांगाडा चहूबाजूंनी वळलेला, म्हणून त्याचा साचा दोनाहून अधिक तुकड्यांचा असतो आणि रेघा मडगार्डवरून व छताच्या कडेने धावतात. खऱ्या गाडीवर त्या नसतात. बारीक पॉलिश पेपरने त्या घासून टाकायच्या. आणखी एक खूण शोधा: जाड भागाच्या मागे पृष्ठभागावर हलका खळगा दिसतो. बाहेरचे प्लास्टिक आधी थिजते, आतले मागाहून थंड होऊन आकुंचन पावते आणि पृष्ठभागाला आत ओढते. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून कधी साच्याला तेलकट द्रव्य लावलेले असते. म्हणून रंग देण्याआधी सगळ्या चौकटी साबणाच्या कोमट पाण्याने धुवाव्यात. भाग चौकटीपासून हाताने पिळून तोडू नये. कटरने थोडे अंतर ठेवून कापावा आणि उरलेला खुंट नंतर घासावा. सुरी नेहमी आपल्या बोटांपासून दूर चालवायची, हे शिक्षकांनी एकदा नव्हे, दहादा सांगावे.

आता चिकटवणे. खरी कसोटी इथेच लागते. लाकडाला लावतो तो पांढरा गोंद लाकडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होतो. पॉलिस्टायरिनला छिद्रेच नाहीत. म्हणून नमुन्यांसाठी जे द्रव मिळते ते खरे तर गोंद नसून विद्रावक असते. पॉलिस्टायरिनचा रेणू म्हणजे हजारो दुव्यांची लांब साखळी. विद्रावक शिरला की या साखळ्या सैल होतात आणि पृष्ठभाग मऊ पडतो. असे दोन मऊ पृष्ठभाग एकमेकांवर टेकवले की एकीकडच्या साखळ्या दुसरीकडच्या साखळ्यांत गुंततात. विद्रावक उडून गेला की मध्ये कोणताही तिसरा पदार्थ उरत नाही. दोन तुकड्यांचा एकच तुकडा झालेला असतो. हा सांधा नसून प्लास्टिकची ‘वेल्डिंग’च आहे म्हणा ना. यावरून दोन गोष्टी आपोआप कळतात. रंगवलेल्या किंवा चकचकीत मुलामा दिलेल्या जागी सांधा बसणार नाही, आधी तिथले प्लास्टिक खरवडून उघडे करायला हवे. (बंपरवरचा तो मुलामा बहुधा क्रोमियमचा नसतो, निर्वात पेटीत वाफ केलेल्या ॲल्युमिनियमचा तो थर असतो.) दुसरे, द्रव जास्त लावल्याने सांधा बळकट होत नाही. तो उलट जास्त वेळ मऊ राहतो.

आपल्या विद्यार्थिनीने गाडीचा तळ जोडला तेव्हा सांध्यातले द्रव केशाकर्षणाने फटीतून सरकत तिच्या अंगठ्याखाली आले. तिला ते कळले नाही. तिने गाडी उलटी धरली आणि छतावर अंगठ्याचा ठसा उमटला, रेषान् रेषा मोजता यावी असा. खोक्यात दुसरे छत नव्हते.

अशा वेळी हात आपोआप फडक्याकडे जातो. तिचाही गेला, पण मामाने तो धरला. पृष्ठभाग मऊ असताना पुसले, तर ठशाच्या जागी खड्डा पडतो आणि फडक्याचे तंतू कायमचे रुतून बसतात. यावर उपाय म्हणजे काहीही न करणे. गाडी दोन दिवस फळीवर ठेवून दिली. साखळ्यांत अडकलेला विद्रावक पुरता उडाला आणि प्लास्टिक पुन्हा कडक झाले. मग पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर ६०० आणि शेवटी १०००. ठसा गेला. छत त्या जागी केसभर पातळ झाले असेल, एवढेच. आणि जाडी तर आपल्याकडे चोवीस मिलिमीटर शिल्लक होती!

पारदर्शक काचांना मात्र हे विद्रावक लावूच नये. तिथे लाकडाचा पांढरा गोंदच बरा: तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि प्लास्टिकला खात नाही. झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेटही काचेजवळ नको. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन काचेवर पांढरे धुके धरते. पोलिसांच्या प्रयोगशाळेत नेमक्या याच गुणाचा उपयोग करून वस्तूंवरचे न दिसणारे ठसे उठवतात.

रंगाविषयी थोडक्यात. कारखान्यात गाडीला दिलेल्या रंगाचे सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे असतात. नवशिक्याने कुंचल्याने दिलेला ०.०५ मि.मी.चा थर खऱ्या मापात १.२ मिलिमीटर होतो. त्याने दारांच्या फटी बुजतात. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन वेळा द्यावा, मध्ये पुरते वाळू द्यावे. रंग आणि विद्रावक दोन्ही हाताळताना खिडकी उघडी हवी आणि जवळपास दिवा, शेगडी किंवा उदबत्ती नको.

चौकटीचे उरलेले तुकडे फेकू नका. पॉलिस्टायरिन सुमारे १०० अंशांच्या आसपास मऊ पडते. विद्रावक आणि रंग आवरून ठेवल्यावर, वडीलधाऱ्यांच्या देखत, असा एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर (ज्योतीत नव्हे) फिरवत धरा आणि लवचीक होताच दूर नेऊन दोन्ही हातांनी ओढा. केसासारखा धागा निघतो. खऱ्या गाडीची रेडिओची काडी पाच मिलिमीटर जाड धरली, तर नमुन्यात ती ०.२ मि.मी. हवी. ती अशीच करतात.

विद्रावक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर थर्मोकोलचा तुकडा घ्या. थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिनच. त्यावर संत्र्याच्या ताज्या सालीतले तेल पिळा. थोड्या वेळाने तिथे खळगे पडलेले दिसतील. सालीतील लिमोनिन हे द्रव्य पॉलिस्टायरिन विरघळवते, आणि नमुन्यांसाठी मिळणाऱ्या काही द्रवांत तेच वापरलेले असते.

राहिले टायर. ते बहुधा पीव्हीसीचे असतात आणि मऊ राहावेत म्हणून त्यांत एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. वर्षानुवर्षे ते हळूहळू झिरपते आणि चाकाच्या पॉलिस्टायरिनला मऊ करून खाऊ लागते. जुन्या नमुन्यांची चाके अशी वितळल्यासारखी झालेली दिसतात. चाकाच्या कडेला आधीच रंगाचा हात दिला तर हे पुष्कळ टळते. हा प्रकार तुमच्या दप्तरातही चालू असेल. कंपासपेटीत प्लास्टिकचे खोडरबर आणि पारदर्शक पट्टी महिनोन् महिने एकमेकांना टेकून राहिली, की पट्टीवर खोडरबराच्या आकाराचा खळगा पडतो. आज पेटी उघडून पाहा. आणि नवी पट्टी असेल तर तिच्या एका टोकाला खोडरबर टेकवून, दुसऱ्या टोकाशी मध्ये कागद घालून, तारीख लिहून ठेवा.